टीचरांचा जमीनदार जेवत नव्हता

एकतीस वर्षं मी तंजावुरात लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या जनावरांची पोटं तपासली, आणि एवढ्या काळात एकाही मालकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. जनावरावर ठेवला. मासा खोटं बोलत नाही, कासव बोलत नाही, मांजर बोलतं पण लगेच पकडलं जातं. मालक मात्र समोर उभा राहून छातीवर हात ठेवून सांगतो, "रायरे, अगदी वेळेवर खायला घालतो हो," आणि तेव्हा मी त्याच्या घरच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत असतो.

रायर म्हणजे मी. इथे मराठी माणूस कितीही फाटका असो, तमिळ लोक त्याला रायरच म्हणतात. घरचे लोक पंचूअण्णा म्हणतात. राजवाड्यामागच्या बोळात माझं रंगीत माशांचं दुकान होतं, पण मासे ही नुसती पाटी. माझी खरी विद्या म्हणजे न जेवणाऱ्याला जेवायला लावणं. ओरत्तनाडूपासून माणसं यायची, कुणी पिंजरा मांडीवर घेऊन बसमधून, कुणी बादलीत कासव घालून. मोठ्या देवळातल्या नंदीलाही मी चार पेंढ्या कडबा खायला लावला असता, पण पुरातत्त्ववाल्यांकडे परवानगी कोण मागणार?

तुम्हा महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी या विद्येचं गुपित फोडतो, आता दुकान बंद झालंय म्हणून. पाळीव जनावर जेवत नाही तेव्हा ते आजारी असतं, हा सगळ्यांचा समज. असतंही कधीकधी, मग डॉक्टरकडे पाठवायचं. पण बहुतेक वेळा त्याला उकडत असतं, नाहीतर कशाची तरी भीती बसलेली असते, नाहीतर त्याचं पोट भरलेलं असतं आणि ते कुणी भरलं हे घरात कुणी बोलत नसतं. एका मोठ्या साहेबांची इराणी मांजर पंधरा दिवस उपाशी होती. साहेबांची बायको रडत होती. मी मांजरीचं तोंड हुंगलं आणि सरळ बाहेर जाऊन ड्रायव्हरला विचारलं, "परोट्याबरोबरची कोंबडी कुठल्या हॉटेलातली?" तो माझ्या पाया पडला. तेव्हापासून मी घरात शिरलो की आधी ड्रायव्हर, मग स्वैपाकीण, मग सासू, आणि शेवटी जनावर, या क्रमानं बघतो.

या संशयाच्या सवयीनं मला एकतीस वर्षं पोसलं. एकदाच तोंडघशी पाडलं, तेच सांगायला बसलोय.

जानकीटीचर मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती. लग्न केलं नाही. आमच्याच मराठी लोकांतल्या, पण सोवळं असं कडक की त्यांच्या सावलीलाही ओलं नेसवून ठेवतात, असं आम्ही बोळात म्हणायचो. सोवळ्याला आम्ही इथे मडी म्हणतो. मडीत असताना टीचरांनी कुणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही. पण आवाज चारी दिशांना शिवायचा.

त्या स्वतः माझ्या दुकानात आल्या, तेव्हाच मला वास आला की प्रकरण साधं नाही.

"पंचूअण्णा, बेडूक जेवत नाहीं."

"कोणाचा बेडूक, टीचर?"

"सेतूचा."

सेतू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, चेन्नईला नोकरीला. सहा वर्षांपूर्वी त्यानं गावाला जाताना आपलं कासव अक्काकडे ठेवलं होतं. अक्कानं एकादशीचा दिवस बघून, पुण्य लागावं म्हणून, ते तळ्यात सोडून दिलं. सेतू परत आला, रिकामा टब बघितला आणि भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर त्यानं त्या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आता त्याला चार महिन्यांसाठी आखातात जावं लागलं. ज्या मित्राकडे बेडूक ठेवायचा, त्यानं ऐन वेळी हात वर केले, तेव्हा नाइलाजानं तो बेडूक घेऊन अक्काच्या दारात आला.

"उंबऱ्यावर ठेवून गेला," टीचर म्हणाल्या. "आंत ये म्हटलं, आला नाहीं. इतकंच म्हणाला, अक्का, हा तरी राहूं दे." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि गणिताच्या आवाजात सांगितलं, "तीन आठवड्यांत येतो अहे. तोपर्यंत हा जगला पाहिजे. मेला तर तो काय समजेल तें तुम्हांला ठाऊक अहे."

ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मीही तेच समजत होतो, की हिनंच काहीतरी केलं असणार.

त्यांच्या घरी जाऊन बेडूक बघितला. ऑस्ट्रेलियाकडचा झाडबेडूक, कागदपत्रांसकट घेतलेला. केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या, काचेला चिकटून बसणारा. हा जातीनं लठ्ठ असतो. डोळ्यांवर चरबीच्या घड्या येतात आणि तोंडावर सदा दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा भाव. म्हणून टीचरांकडे भांडी घासायला येणाऱ्या सेल्वीनं त्याचं नाव जमीनदार ठेवलं होतं. पण आता जमिनी गेल्या होत्या. कुल्ल्यांची हाडं वर आली होती. मी माझ्या छोट्या काट्यावर वजन केलं: बेचाळीस ग्रॅम. सेतूनं बेडकाच्या काचेच्या पेटीवर चिकटवलेल्या कागदावर एकसष्ट लिहिलं होतं.

"काय घालता खायला?"

टीचरांनी लांबूनच एक डबी दाखवली. वाळवलेले किडे. दुकानात पाकिटातून मिळतात ते.

"हे तर मेलेले आहेत, टीचर."

"मग काय जिवंत घालूं? मेलेलेच आणले. मारलं कोणी तें आपण बघायचं नाहीं."

मी कपाळाला हात लावला. पाप पाकीट भरणाऱ्याच्या डोक्यावर आणि बेडूक उपाशी! बेडकाला फक्त हलणारी वस्तू दिसते हो. त्याच्यापुढे मेलेला किडा ठेवणं म्हणजे तुमच्यापुढे जेवणाचं चित्र ठेवणं. बिचारा तीन महिने किड्यांच्या ढिगावर बसून एखादी वाट चुकलेली माशी नाहीतर मुंगी मिळते का, एवढंच बघत होता.

जिवंत रातकिडे द्यावे लागतील म्हटल्यावर टीचर दोन पावलं मागे सरकल्या. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत अंड्यांच्या ट्रेंमध्ये मी रातकिडे वाढवायचो. त्यांची संख्या विचारू नका. एकदा ते सगळे एका सुरात लागले तेव्हा शेजारच्या भजनमंडळाला पेटी बदलावी लागली होती. शेवटी तोड निघाली. सेल्वीनं संध्याकाळी घरी जाताना दहा रातकिडे आत सोडायचे, भज्याला पीठ लावतात तशी कॅल्शियमची भुकटी लावून. टीचरांनी फक्त देवापुढे दिवा लावून झाला की झाकण उचलून पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे आत दमट राहतं आणि बेडकाला हुशारी येते. हे शेवटचं मीच सांगितलं, मोठ्या ऐटीत. लक्षात ठेवा.

चार दिवसांनी गेलो. टीचर प्रसन्न.

"रोज दहाच्या दहा संपतात, अण्णा! सकाळीं एक शिल्लक नाहीं."

वजन केलं. चाळीस.

 दहा रातकिडे रोज खाऊन वाळणारा प्राणी मी एकच बघितला होता, आणि तो म्हणजे खोटं बोलणाऱ्या मालकाचा प्राणी. मी आधी सेल्वीला गाठलं. तिच्या घरी कोंबड्या होत्या.

"रातकिडे कोंबड्यांना नेतेस काय?"

"रायरे," ती हातातलं पातेलं न ठेवता म्हणाली, "माझ्या कोंबड्या असला माल खात नाहीत. तुमच्या रातकिड्यांपेक्षा त्याच जाड आहेत. जाऊन बघा."

जाऊन बघितल्या. होत्या. मग मी पालींवर पाळत ठेवली, शेजारच्या मांजरीची चौकशी केली, उंदराची बिळं शोधली. सगळं करताना मनात एकच नाव होतं. जिनं कासव सोडलं, ती रातकिडे सोडणार नाही कशावरून? दया एकदा अंगात शिरली की माणूस गणितसुद्धा विसरतो.

मी पुरावा तयार केला. बायकोच्या पांढऱ्या नखरंगाची बाटली घेतली आणि दहा रातकिड्यांच्या पाठीवर एकेक ठिपका दिला. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, त्यांचं लग्न आहे. दहाही वऱ्हाडी सेल्वीच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टीचरांकडे हजर.

"संपले?"

"दहाच्या दहा," टीचर म्हणाल्या.

 मागच्या अंगणात गेलो आणि कान लावला. तुळशीच्या कुंडीखालून आवाज आला. कुंडी सरकवली. पांढरा ठिपका. जुन्या दगडी रगड्याच्या भोकात दोन ठिपके. जळणाच्या नारळाच्या झावळ्यांत तीन. मी ते सहाही एका बाटलीत भरून टीचरांपुढे नाचवले. त्या वेळी सेल्वी होती, आवाज ऐकून कुंपणावरून दोन शेजारणी डोकावल्या होत्या, आणि मला प्रेक्षक मिळाले की माझी जीभ सुटते हे जगजाहीर आहे.

"टीचर, गणित सोडवा! आत दहा गेले, दहा संपले, आणि सहा बाहेर गातायत. कोणी सोडले? कासवाला तळं, यांना तुळस! पुण्य वाढतंय, बेडूक मरतोय!"

शेजारणी हसल्या. सेल्वी हसली नाही.

टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. पन्नास पोरींचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण आवाज अगदी खाली आला.

"माझ्यावर असा संशय फक्त सेतूचाच, असं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "अण्णा, आज दिवेलागणीला या. मी काय करतें तें बघा. बोलूं नका, नुसतं बघा."

गेलो. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता हो. चोर रंगेहाथ पकडायच्या तयारीनं गेलो. ओसरीवरच्या खांबाला टेकून उभा राहिलो. सेल्वीनं रातकिडे आत सोडले, झाकण नीट बसवलं, मला दाखवलं आणि घरी गेली. टीचर आंघोळ करून ओलं नेसून आल्या, दिवा लावला, स्तोत्र म्हटलं. मग ओसरीवर आल्या. आता त्या कडक मडीत. बेडकाच्या पेटीला शिवणार कशा? त्यात बेडूक, त्यात किडे.

त्यांनी कोपऱ्यातली लांब काठी घेतली. मडीचे कपडे उंच बांबूवर, कुणाचा हात लागू नये म्हणून, ज्या काठीनं वाळत घालतात ती काठी. चार हातांवरून त्यांनी काठीच्या टोकानं पेटीचं जाळीचं झाकण उचललं, दुसरा हात लांब करून फवारा मारला, आणि काठीनंच झाकण परत ढकललं. अशा सफाईनं की सर्कशीत ठेवावं. मला हसू फुटलं.

मग मी पेटीच्या मागच्या बाजूला गेलो आणि हसायचं विसरलो. पुढून झाकण अगदी चोख दिसत होतं. मागे बोटभर फट होती. माझ्यासमोरच एक रातकिडा त्या फटीतून वर आला, मिशा हलवल्या आणि तुळशीच्या दिशेनं निघून गेला. त्याच्यामागे दुसरा. जमीनदार कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. अशक्त जनावराला मागे धावायचं बळ कुठलं! आणि सकाळी सेल्वी सगळ्यांआधी येऊन झाकण काढून पेटी पुसायची, त्यामुळे फट कुणीच कधी बघितली नव्हती.

दिवा लावून झाल्यावर फवारा मारा, असं सांगणारा शहाणा कोण होता?

मी टीचरांना हाक मारली. त्यांनी फट बघितली.  

"चुकलं माझं," मी म्हणालो. "सकाळचं बोलणंही, आणि फवारासुद्धा."

"शेजारणींना बोलवून सांगा," टीचर म्हणाल्या. बोलावलं आणि सांगितलं. एकीनं विश्वास ठेवला. दुसरीला अजून वाटतं की टीचरांनी मला काहीतरी देऊन गप्प केलं.

वजन अडतीसवर आलं होतं, हातात दोन आठवडे. इतक्या अशक्त बेडकाला पेटीत किडे सोडून उपयोग नसतो. चिमट्यात धरून नाकासमोर हलवावा लागतो, रोज, एकाच माणसानं, म्हणजे त्याची भीती मोडते. मी म्हटलं, मी येत जाईन. टीचर म्हणाल्या, "नको. सेतूनं तुमच्या नाहीं, माझ्या उंबऱ्यावर ठेवला."

"आणि मडी?"

"दोनदां आंघोळ करीन. कावेरी आटली नाहीं अजून."

पहिल्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटून चिमटा आत घातला. त्या भीतीनं थरथरत होत्या, आणि हीच थरथर माझ्या एकतीस वर्षांच्या कसबाहून भारी ठरली. रातकिडा असा काही नाचू लागला की जमीनदारानं मान वळवली, एक पाय टाकला, आणि फटकन झेप घेऊन रातकिडा, चिमट्याचं टोक आणि टीचरांच्या बोटाचं पेर, सगळं एकदम तोंडात घेतलं. टीचर किंचाळल्या. ती किंकाळी ऐकून देवळातल्या हत्तिणीनं सोंड वर केली असं म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण हत्तीण खोटं का बोलेल?

"गेला कां? गिळला कां?" टीचर डोळे न उघडता ओरडत होत्या.

"डोळे उघडा आणि त्याचे डोळे बघा."

बेडूक गिळतो तेव्हा त्याचे डोळे आत जातात. डोळ्यांनीच तो घास खाली ढकलतो. टीचरांनी बघितलं. जमीनदाराचे डोळे बुडाले, परत वर आले.

"अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "किती कष्टानं जेवतो हो हा!"

आठवड्याभरात त्या ओसरीतून वर्गातला आवाज ऐकू यायला लागला. "पुढें बघ! अजून एक! शिल्लक ठेवायचं नाहीं!" सेल्वी सांगायची की टीचर त्याला पाढेही म्हणून दाखवतात. रोज नाही देत एवढं, दिवसाआड द्या, असं मी पुढे पुढे विनवायला लागलो. वजन चव्वेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न. हा आकडा मी वाढवून सांगत नाही, मला त्याची गरज पडली नाही.

सेतू आला तो दिवस. टीचरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं होतं, आणि याच्याहून मोठी चूक त्यांनी केली नसेल. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, बूट न काढता. पंचेचाळिशीचा माणूस, गालांची हाडं वर आलेली.

"आण अक्का. गाडी थांबली अहे."

टीचरांनी पेटी आणून उंबऱ्यावर ठेवली. त्यानं वाकून बघितलं. आधी चेहरा उजळला, मग हळूहळू काळवंडला. त्यानं बेडकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बेडकाकडे.

"हा माझा नव्हे."

"काय?" टीचर म्हणाल्या.

"पंचूअण्णा, तुमच्या दुकानातला ना हा? माझा मेला आणि हा आणून ठेवला. अक्का, सरळ सांगितलं असतंस तर..."

मी शपथा घेतल्या. कावेरीची, देवळाची, बायकोची, नखरंगाच्या बाटलीची. जितक्या जास्त शपथा घेतल्या तितकी त्याची मान जास्त हलत गेली. मी जन्मभर फुगवून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सेतूनं फोन काढून जुना फोटो बघितला, कुशीवरचे पांढरे ठिपके मोजले. जुळले. तरी म्हणाला, "ठिपके काय, कोणीही देतो." त्या क्षणी मी जमिनीत शिरायला फट शोधत होतो.

 टीचरांनी हात पाण्यात ओले केले, झाकण उचललं आणि उघडा तळहात आत ठेवला. जमीनदार काचेवरून सुटला, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि त्यांच्या मनगटावर चढून गोळा होऊन बसला. डोळे अर्धे मिटले.

सेतू बघत राहिला. ज्या बाईनं त्याला लहानपणी शाळेच्या कपड्यांत कधी शिवू दिलं नव्हतं तिच्या हातावर बेडूक.

"अक्का," तो म्हणाला, "तुझी मडी?"

"पांच वाजतां गेली. सात वाजतां येईल परत."

त्यानं बोट पुढे करून बेडकाच्या पाठीला लावलं. मग ते बोट थोडं सरकून अक्काच्या मनगटाला लागलं, आणि त्यानं ते काढलं नाही. गाडीवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. सेतूनं बूट काढले.

"जेवून जा," टीचर म्हणाल्या.

"भूक नाहीं."

टीचरांचा चेहरा पडला. मी बेडकाला परत पेटीत बसवलं, त्यांना खूण करून आत नेलं आणि कानात सांगितलं, ताट वाढा, समोर ठेवा आणि निघून जा. आग्रह नको, बघत बसणं नको. त्यांनी भात, वांग्याची आंबट रसवांगी आणि उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी वाढली, ताट ओसरीवर ठेवलं आणि स्वैपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसल्या. मीही सेतूकडे पाठ केली आणि बेडकाकडे तोंड करून बसलो. काचेत सेतूचं प्रतिबिंब दिसत होतं, म्हणून डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही नाही. मग स्टीलचं ताट फरशीवरून जवळ ओढल्याचा आवाज आला.

स्वैपाकघरातली भांडी एकदम थांबली.

"वाजवत राहा, टीचर," मी मोठ्यानं म्हणालो, "वाजवत राहा!"